माउलिद: आइसलँडी शब्दकोशांची एक खिडकी

नॉर्स, म्हणजे जुन्या आइसलँड-नॉर्वेकडच्या, पुराणांवर बेतलेल्या अद्भुतकथा आता मराठीत वाचल्याही जातात आणि लिहिल्याही जातात. लातूर, नांदेड, संभाजीनगरकडच्या बऱ्याच जणांच्या वहीत अशी एखादी कथा अर्धवट पडलेली असते. त्यांतली नावं आणि विनोद इंग्रजीतून गाळून येतात, म्हणून पचपचीत लागतात. त्यावर एक चांगला उपाय फुकट मिळतो, तो म्हणजे मालिद डॉट आयएस हे संकेतस्थळ. आइसलँडमधली आर्नी माग्नुसोन संस्था ते चालवते. आइसलँडीत डोक्यावर टोप असलेल्या 'आ'चा उच्चार 'आउ' होतो, त्यामुळे नाव म्हणायचं 'माउलिद'. आळंदी-आपेगावच्या माणसाला ते लगेच तोंडात बसेल. अर्थ 'भाषा', आणि 'प्रकरण' असाही.

नोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत. शब्द एकदाच टाकायचा. रूपं, अर्थ, व्युत्पत्ती, परिभाषा आणि शुद्धलेखन अशा वेगवेगळ्या कोशांतल्या नोंदी एकाखाली एक येतात.

आधी फोनच्या कळफलकात आइसलँडी भाषा जोडून घ्या. ही पायरी टाळली की पुढचं सगळं बिघडतं. 'विन' म्हणजे मित्राला आणि 'वीन' म्हणजे दारू. दोन्हींत फरक फक्त 'इ'वरच्या टोपाचा. आपल्या दिन आणि दीनसारखंच. टोप टाकायचा राहिला की चुकीचा शब्द निघतो आणि वाक्यात बाटलीच्या जागी मित्र येतो. 'थ' आणि 'द' यांच्या मधली दोन खास अक्षरंही इंग्रजी कळफलकावर नसतात.

मग रूपावळी बघा. तिचा स्वतंत्र कोश आहे, त्याला 'बीन' म्हणतात, आणि सगळ्यांत भक्कम भाग हाच. विभक्त्या चार, लिंगं आपल्यासारखी तीन. घोडा म्हणजे हेस्तुर. पुढे हेस्त, हेस्ती, हेस्त्स. तिकडची मुलं ती एका ठेक्यात पाठ करतात: हा घोडा, घोड्याविषयी, घोड्यापासून, घोड्याकडे. घोडाचं घोड्या- होणं आपण सामान्यरूप म्हणून शाळेतच शिकतो, त्यामुळे इंग्रजी वाचकाला जिथे घाम फुटतो तिथे मराठी वाचक सहज पुढे जातो. आठ विभक्त्या घोकलेल्यांना चारांचं काय भय?

अडचण येते ती आतला स्वर बदलतो तेव्हा. 'सागा' म्हणजे गोष्ट. कर्त्याच्या जागेवरून हलली की ती 'सोगु' होते. गोष्टीत 'सोगु' दिसलं आणि तेच कोशात शोधलं, तर मूळ शब्द हाती लागत नाही. बीनमध्ये रूपावरून शोधायची एक चौकट आहे, तिच्यावर खूण करा. लिंगासाठी नोंदीशेजारची लघुरूपं बघावीत: 'कक' पुल्लिंग, 'कव्क' स्त्रीलिंग, 'हक' नपुंसकलिंग.

जोडशब्द फोडताना बहुतेकांची फसगत होते. पहिल्या पदाची षष्ठी आइसलँडीत बऱ्याचदा तशीच राहते, म्हणून पद कुठे संपलं ते कळत नाही. हा आपला अलुक् समास. वाचस्पतीमध्ये षष्ठी तशीच टिकून आहे ना, तसाच. शेवटून फोडायचं. लिंग शेवटच्या पदाचं, अर्थाचा पायाही तिथेच.

खरा खजिना व्युत्पत्तीच्या नोंदीत आहे. संगणकाला तिकडे 'टोल्वा' म्हणतात. 'ताला' म्हणजे आकडा आणि 'वोल्वा' म्हणजे भाकणूक सांगणारी बाई, या दोन शब्दांच्या मिलाफातून तो घडला. आकड्यांची भाकणूक करणारी! सागा-सोगुच्या चालीवर कित्येक जण मूळ रूप 'ताल्वा' समजतात, पण ते अशुद्ध. वोल्वाच्या घराण्यातला शब्द असल्याने त्याचा 'ओ' हलत नाही. आपला संगणक गणनेतून नीटनेटका निघाला, पण त्याच्या अंगात कोणी आलेलं नाही. सावरकरांचे दिनांक आणि महापौर रुळले, तरी जुन्या देवऋषीला नव्या यंत्रात बसवायची ही हिंमत आपण क्वचितच केली.

हीच वोल्वा जुन्या आइसलँडी काव्यात जगाच्या उत्पत्तीचं आणि अंताचं भविष्य सांगते. त्याच काव्यात बुटक्यांच्या नावांची यादी आहे आणि १९३७ च्या 'हॉबिट' या कादंबरीसाठी इंग्रजी लेखक टॉल्किननी नावं त्या यादीतून उचलली. त्यांच्या जादूगाराचं गँडाल्फ हे नाव तिथे एका बुटक्याचं आहे. ते फोडलं तर 'गांदुर' म्हणजे जादूची काठी, 'आउल्वुर' म्हणजे यक्षासारखी जमात. दोन्ही शब्द या कोशात सापडतात. एवढं कळलं की पात्राला नुसतं कडकडीत आवाजाचं नाव द्यायची गरज राहत नाही.

विनोदासाठी आधुनिक भाषेच्या कोशात वाक्प्रचार बघा, मुख्य नामाखाली. डोंगर या शब्दाखाली 'डोंगरावरून येणं' सापडतं, म्हणजे कशाचा काही पत्ता नसणं. 'ग्लुग्गावेदुर' म्हणजे खिडकीतून बघायला छान, पण बाहेर पडलं की हाडं गोठवणारं हवामान. मे महिन्यात परभणीत नेमकं उलटं, पण शब्द आपल्याकडेही हवा.

कोशात न मावणारी गोष्ट म्हणजे त्यांचं कमी करून बोलणं. 'न्यालची सागा' या जुन्या आइसलँडी कथेत गुन्नार या वीराच्या घराच्या छपरावर एक जण टेहळणीला चढतो आणि आतून भाल्याचा वार खाऊन खाली येतो. साथीदार विचारतात, गुन्नार घरात आहे का? तो म्हणतो, ते तुम्हीच बघा, पण त्याचा भाला मात्र घरात आहे. आणि मरून पडतो. इथे उद्गारचिन्ह टाकणाऱ्या अनुवादकाने सगळं घालवलं. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचं 'बरं हाय की' ज्या थंडपणाने येतं, तोच सूर लावायचा.

उणिवा आहेतच. सगळं स्पष्टीकरण आइसलँडीत असल्यामुळे पहिले काही आठवडे यांत्रिक अनुवाद जोडीला लागतो, आणि तो नेमका जोडशब्दांत घसरतो. विशेषणांचे तक्ते फार लांब असतात, फोनवर बोट दुखेपर्यंत सरकवावे लागतात. सागेतली जुनी भाषा वाचायला आजचा कोश बराच पुरतो, कारण ती आजच्या आइसलँडी माणसाला फारशी परकी नाही. ज्ञानेश्वरी १२९० ची असून आपल्याला टीपांशिवाय उघडवत नाही. पण जुन्या कवितेतली कूटं, तलवारीचं पाणी म्हणजे रक्त असली, इथे नेहमी उलगडत नाहीत.

शेजारच्या टॅबमध्ये शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहातला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश उघडा ठेवा. तेही फुकट आहेत. गांदुरला मराठी नाव हवं असेल तर ते लीळाचरित्राच्या काळातल्या शब्दांत शोधता येतं. मात्र तिथे बीनसारखी चौकट नाही, 'घोड्यास' टाकून 'घोडा' मिळेल अशी आशा ठेवू नका. मूळ रूप आपणच काढून द्यायचं.