रॉड मोजले नाहीत आणि ३१,४०० पौंड जमिनीत गेले

लाज वाटत होती म्हणून आजवर हे कुठे लिहिलं नाही. पण गेल्या आठवड्यात इथल्याच एका मराठी मित्राने त्याच्या ग्राउंड सोर्स हीट पंपाचं (जमिनीतली उष्णता ओढून घर गरम करणाऱ्या यंत्राचं) कोटेशन वाचून दाखवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कंपनी वेगळी, वाक्यं तीच. "ग्रँट नंतर तुमच्या खात्यावर परत करू" हेसुद्धा तेच.

इंग्लंडमध्ये नॉर्थहॅम्प्टनशायरला प्लॉट घेऊन आम्ही घर बांधलं. गॅसची लाइन नाही, त्यामुळे हीट पंप ठरलेलाच. एअर सोर्सचं, म्हणजे बाहेरच्या हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाचं, कोटेशन होतं १२,९०० पौंड. सरकारी ग्रँटचे ७,५०० वजा जाता खिशातून ५,४००. ग्राउंड सोर्सचं ३१,४००. एवढा फरक दिसत असताना महागडं का घेतलं, असं बायकोचा भाऊसुद्धा विचारून गेला. सांगतो.

सेल्समन अर्धवट घरात प्लायवूडच्या थप्पीवर बसून दोन तास बोलला. बाहेर उणे पाच असताना हवेतून उष्णता कुठून येणार? जमिनीखाली मात्र बारा महिने दहा-अकरा अंश. यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर गोम. थंडीत एअर सोर्सची कार्यक्षमता उतरते, हे खरंच आहे. पण नवं, चांगलं इन्सुलेशन असलेलं घर मुळात उष्णता मागतंच किती? बिलातल्या त्या थोड्याशा फरकातून वरचे १८,५०० पौंड माझ्या हयातीत वसूल झाले नसते. आणि नॉर्वेसारख्या देशात घरोघरी जे पंप आहेत ते बहुतेक हवेवरचेच आहेत, हे मला नंतर कळलं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. हसा.

पैसे असे गेले: ७,८५० ॲडव्हान्स, क्रेडिट कार्डावर. १५,७०० ड्रिलिंगच्या दिवशी, बँक ट्रान्सफर. ७,८५० पंप चालू झाल्यावर. ग्रँटच्या या सरकारी योजनेत अर्ज इन्स्टॉलर करतो आणि रक्कम बिलातूनच वजा होते. आधी पूर्ण भरा, मग परत देतो म्हणणाऱ्याला तिथेच चहा पाजून वाटेला लावा. बिलात ५,२३३ पौंड ३३ पेन्स व्हॅट लावला होता. नव्या घराच्या या कामाला व्हॅट शून्य आहे. कोटेशनवरचा एमसीएस नंबर (इन्स्टॉलरच्या प्रमाणपत्राचा) भलत्याच कंपनीचा निघाला. नंबर छापलेला पाहून थांबू नका, रजिस्टर उघडून त्यापुढचं नाव वाचा. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही.

आता तो दिवस. सप्टेंबर २०२४. करार उष्णता घेणारे पाइप सोडायला दोन बोअरचा, प्रत्येकी ११० मीटर. रिग सकाळी नऊला आली, चार वाजता दोन्ही बोअर 'पूर्ण'. मला वाटलं, काय तरबेज लोक आहेत! संध्याकाळी संगमनेरला अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. अण्णांनी शेतात बोअर मारला तेव्हा रिगच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक रॉड खाली गेला की भिंतीवर खडूची रेघ. फुटावर पैसे, मग मोजणार नाही तर काय? त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रॉड मोजलेस का रे?"

मी म्हणालो, "अण्णा, इथे तसं नसतं."

हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. कारण मोजायचीसुद्धा गरज नव्हती. जमिनीतून वर आलेल्या काळ्या पाइपवर पांढऱ्या अक्षरांत आकडे छापलेले होते, पाइपच्या खालच्या टोकापासून दर मीटरला एक. जमिनीलगत एका बोअरच्या पाइपवर ५८, दुसऱ्यावर ६१. फोटो मीच काढलाय, हौसेने. मला ते पार्ट नंबर वाटले. २२० मीटरचे पैसे, ११९ मीटर काम.

जानेवारीत पंपाच्या स्क्रीनवर ब्राइन, म्हणजे बोअरच्या पाइपांतून फिरणारं न गोठणारं पाणी, उणे सहा अंश दाखवायला लागलं. कमी लांबीत जास्त उष्णता ओढली की बोअरभोवतीची जमीनच गोठत जाते. मग आतला विजेचा हीटर चालू, म्हणजे घरात एक मोठी इमर्शन रॉड. त्या महिन्याचं बिल ५१२ पौंड. फोन लावला तर कंपनी दिवाळखोरीत. ५४० पौंड देऊन तज्ज्ञ बोलावला, त्याने माझाच फोटो मला वाचून दाखवला.

त्यानंतरचं तर विचारूच नका. बँक म्हणाली, काम झालंय ना, मग ही फसवणूक नाही, हा दिवाणी वाद. कार्डाच्या पैशांसाठी सेक्शन ७५ (कार्डावर घेतलेल्या कामात घोटाळा झाला तर बँकही जबाबदार, हे कलम) दाखवलं, तर वस्तूची किंमत ३०,००० च्या वर, म्हणून लागू नाही. चौदाशे पौंडांनी हुकलं! बोअर आणि पंप यांचे करार वेगळे करा, प्रत्येकाची किंमत तीस हजारांच्या आत ठेवा, निदान ॲडव्हान्स कार्डावर द्या. चार्जबॅकची, म्हणजे कार्डाचे पैसे बँकेमार्फत परत मागण्याची, १२० दिवसांची मुदत केव्हाच संपलेली. कौन्सिलच्या ग्राहक विभागाला थेट फोन करता येत नाही, आधी हेल्पलाइन. हेल्पलाइनवर पन्नास मिनिटं संगीत ऐकल्यावर एका गोड आवाजाने "आम्ही माहिती पुढे पाठवली आहे" सांगितलं. पुढे म्हणजे कुठे? तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच वाक्य. पोलिसांनी एक क्रमांक ईमेल केला आणि सात आठवड्यांनी दुसरा ईमेल, की तपासाला पुरेसा वाव नाही. फोटो आहे, करार आहे, आकडे पाइपवर छापलेले आहेत, अजून कसला वाव हवा होता? अंगणात येऊन पाइप बघायला एक माणूस आला नाही. वकिलाने २२० पौंड घेऊन सांगितलं की कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत माझा नंबर शेवटचा.

बोअर लॉग, म्हणजे किती खोल खणलं याची लेखी नोंद, मागा, शेवटचा हप्ता तो हातात पडल्यावरच द्या. घरातल्या प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते, त्या हीट लॉसचा हिशेब नसेल तर पंपाचा आकार अंदाजपंचे ठरवलेला असतो. माझ्या घराला दहा किलोवॅटचा पंप लागतच नव्हता.

आता एअर सोर्स बसवायचा म्हटलं तर पूर्ण १२,९०० द्यावे लागतील. घरात आधीच हीट पंप आहे, म्हणून ग्रँट नाही. अण्णांना खरा आकडा सांगितलेला नाही. ते विचारतात तेव्हा म्हणतो, थोडे रॉड कमी पडले.