एडामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगाच की!

सोलापुरात होटगी रोडला एका सुपरमार्केटमध्ये एडामामेचं फ्रोजन पाकीट मिळालं, नाव जपानी आहे, एदा म्हणजे फांदी न मामे म्हणजे दाणा. आपल्या बार्शीकडं एवढं सोयाबीन पिकतं पण सगळं वाळवून आडतीला जातं, हिरवं कुणी खातच नाही, वाईट वाटतं खरंच. मीठ टाकून ५ मिनिटं उकडल्या, साल लवदार असते ती खायची नाही, शेंग दातात धरून ओढली की दाणे सुटतात, गोडसर, हुरड्याच्या जवळची चव! वर शेंगाचटणी भुरभुरली तर पोरांनी ताटली चाटूनपुसून साफ केली. कच्चे मात्र खाऊ नका, पचत नाहीत. पाकिटात बऱ्याच शेंगा एकदाणी निघाल्या, तेवढं खटकलं, तरी परत आणणार.