५८५ लागते का? : तीन बँडच्या छोट्या रेडिओचा अकरा महिन्यांचा अनुभव

आकाशवाणी नागपूरचे मीडियम वेव्ह स्टेशन ५८५ किलोहर्ट्झवर लागते आणि आमच्या आईची सकाळ त्याच्याशिवाय सुरू होत नाही. तिचा जुना ट्रान्झिस्टर गेल्या वर्षी मृगाच्या सुमारास कायमचा बंद पडला, तेव्हा सीताबर्डीवरच्या एका दुकानातून मी मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह आणि एफएम असे तिन्ही बँड असलेला, पडद्यावर आकडे दाखवणारा छोटा रेडिओ सव्वातीन हजार रुपयांना आणला. याच घडणीचे रेडिओ वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, म्हणून कंपनीचे नाव लिहीत नाही. पाऊस, थंडी आणि हा उन्हाळा असे तिन्ही ऋतू त्याच्यासोबत काढल्यावर हे मत मांडत आहे.

पहिल्याच दिवशी मोठी निराशा झाली. आकडे ५८० वरून थेट ५९० वर उडी मारत होते आणि दोन्ही ठिकाणी निवेदकाचा आवाज फाटका येत होता. आईने तर "परत देऊन ये" असे सांगूनही टाकले. कारण शोधायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. अमेरिका खंडात मीडियम वेव्हची स्टेशने १० किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली असतात, तर भारतात आणि युरोपात ९ किलोहर्ट्झच्या अंतराने. ५८५ ला ९ ने नेमका भाग जातो, १० ने जात नाही, आणि रेडिओ कारखान्यातून १० च्या पायरीवर ठेवून आला होता. रेडिओ बंद असताना एक बटण काही क्षण दाबून धरल्यावर पायरी ९ ची झाली आणि ५८५ असे स्वच्छ लागले की शेजारच्या खोलीतही शब्द न् शब्द कळावा. ही सूचना माहितीपत्रकाच्या आतल्या पानावर बारीक इंग्रजीत छापलेली आहे आणि दुकानदारालाही ती ठाऊक नव्हती. भारतात विकण्याच्या वस्तूत एवढी काळजी घेतली गेलीच पाहिजे. माझ्यासारखा खटाटोप न करता किती जणांनी हा रेडिओ "खराब" म्हणून कपाटात टाकला असेल, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मीडियम वेव्ह हाच या रेडिओचा खरा गुण आहे. ५८५ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५१२ मीटर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त, आणि ती पकडण्यासाठी आत बोटाएवढी फेराइटची कांडी तांब्याच्या तारेचे वेढे देऊन बसवलेली आहे. ही कांडी लहरीतील चुंबकीय भाग टिपते, त्यामुळे तिला दिशा कळते: तिचे टोक स्टेशनकडे झाले की आवाज बसतो, ती स्टेशनला आडवी झाली की उठतो. स्टेशन क्षीण वाटल्यास रेडिओ जागच्या जागी सावकाश पाव फेरी फिरवून पाहावा. बाहेरची लांब होणारी काडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियम वेव्हवर ती ओढून काहीही उपयोग होत नाही.

सूर्य मावळल्यावर हाच बँड वेगळा होतो. दिवसा आपल्या डोक्यावर ६० ते ९० किलोमीटर उंचीवर विद्युतभारित हवेचा एक थर असतो आणि तो मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्यप्रकाश गेला की तो थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून वळून शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर उतरतात. दुपारी जिथे नुसती खरखर असते, तिथे डिसेंबरच्या एका रात्री ७३८ किलोहर्ट्झवर हैदराबाद केंद्रावरची तेलुगू गाणी मी पाऊण तास ऐकली. आवाज मध्येच ओसरत होता आणि पुन्हा भरून येत होता, कारण वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना उचलून धरतात, कधी एकमेकींना मारतात. सव्वातीन हजारांत आकाशाची ही हालचाल कानांनी ऐकायला मिळते, आणि माझ्या लेखी रेडिओची अर्धी किंमत तिथेच वसूल झाली.

घरातला गोंगाट मात्र या रेडिओला मुळीच सोसत नाही. आमच्या दिवाणखान्यात ५८५ वर सतत घरघर येत असे. एकेक बटण बंद करत गेल्यावर ती पंख्याच्या गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून येते असे कळले. हा रेग्युलेटर ५० हर्ट्झच्या विजेचे प्रत्येक अर्धे आवर्तन मध्येच कापतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, आणि त्या प्रत्येक झटक्यासरशी रेडिओलहरींचा शिडकावा होतो. हाइनरिख हर्ट्झने १८८७ च्या सुमारास प्रयोगशाळेत या लहरी प्रथम निर्माण केल्या, त्याही विजेच्या ठिणग्या पाडूनच. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवल्यावर घरघर गेली. स्वस्त एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर हेही असेच त्रास देतात. इतकेच काय, या रेडिओचे स्वतःचे चार्जिंग सुरू असताना मीडियम वेव्ह ऐकण्याजोगी राहत नाही, आणि हा दोष मी गंभीर मानते. जूनमध्ये ढग भरून आले की पाऊस पोचण्याच्या बऱ्याच आधी स्पीकरमधून कडकड सुरू होते. तो दूरवरच्या विजांचा आवाज असल्यामुळे त्यात रेडिओचा काही दोष नाही.

भाचीने एक प्रयोग सुचवला. एफएम सुरू ठेवून तिने रेडिओ डाळीच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावले. गाणे नुसते दबले नाही, तर नाहीसे झाले आणि आतून बारीक खरखर येऊ लागली. तीन मीटर लांबीच्या लहरीला डब्यात शिरायला वाट उरली नव्हती. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराला जाळी असते तीही याच कारणाने: आतल्या सुमारे १२ सेंटिमीटरच्या लहरीला त्या बारीक भोकांतून बाहेर पडता येत नाही, प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असल्यामुळे ती सहज निघते आणि आतले पदार्थ आपल्याला दिसतात. स्लॅबच्या घरात भिंतीतल्या सळ्यांमुळे मीडियम वेव्ह मंदावते आणि खिडकीशी सुधारते, हेही त्यावरून तिला पटले.

एफएम साधारण आहे. शहरातली स्टेशने इतकी जोरकस आहेत की एकाचा आवाज शेजारच्या आकड्यांवर सांडतो. काडी अर्धी आत ढकलल्यावर ते थांबते. शॉर्टवेव्ह गच्चीवर नेऊन ऐकावी, खोलीत तिचा फारसा उपयोग नाही.

बॅटरी मध्यम आवाजावर मला तीन-चार दिवस पुरते. पहिल्या नगाची काडी सांध्यात सैल होती. दुकानदाराने पावती पाहून चौथ्या दिवशी दुसरा नग दिला आणि वाद घातला नाही. आकड्यांची बटणे लहान असल्याने आईला ती दाबता येत नव्हती, म्हणून ५८५ पहिल्या स्मृतीत साठवून त्या बटणावर लाल टिकली चिकटवली आहे. आता ती स्वतः लावते.

केवळ एफएम हवे असेल, तर एवढे पैसे घालू नयेत. मीडियम वेव्हसाठी घ्यायचा असेल, तर दुकानात शक्यतो दिवसा जावे, पायरी ९ ची करून घ्यावी, काउंटरवरच्या दिव्यांपासून दूर दाराशी उभे राहून ५८५ लावावे आणि आवाज स्वच्छ आल्यावरच पावती करावी.