ग्लेन आयरी कॅसल, कोलोराडो स्प्रिंग्ज: टूर घ्याच, जनरल पामरसाठी घ्या

आई-बाबा सध्या आमच्याकडे डेन्व्हरला आलेत. बाबा फौजेतून रिटायर, मराठा लाइट इन्फन्ट्रीत २४ वर्षं काढलीत, त्यामुळे त्यांना मॉल आणि आउटलेट दाखवण्यात काही अर्थ नसतो. मागच्या शनिवारी त्यांना घेऊन ग्लेन आयरीला गेलो, सव्वा तासाचा ड्राइव्ह, गार्डन ऑफ द गॉड्स या लाल खडकांच्या पार्कच्या अगदी शेजारी. कॅसलची टूर आणि नंतर दुपारचा चहा असं आधीच बुक केलं होतं, तुम्हीही बुकिंग करूनच जा.

जागा सुंदर आहे. लाल खडकांच्या घळीत दगडी वाडा, ६७ खोल्या, नशीब असेल तर हिरवळीवर रानमेंढ्या चरताना दिसतात, आम्हाला सात दिसल्या आणि आईने प्रत्येकीचा फोटो काढला. १९५३ पासून हे सगळं नॅव्हिगेटर्स या ख्रिश्चन संस्थेकडे आहे, त्यांनी मनापासून जपलंय. चहासोबत स्कोन आणि छोटी सँडविचेस येतात, शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगून ठेवा.

पण मी एवढं टाइप करतेय ते हा वाडा बांधणाऱ्या माणसासाठी. विल्यम जॅक्सन पामर. १८३६ चा जन्म, डेलावेअरचं क्वेकर घर, म्हणजे हिंसा आणि युद्ध मान्यच नसलेली माणसं. पण गुलामगिरीची चीड त्याहून मोठी ठरली आणि हा अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढायला गेला, १५ वी पेनसिल्व्हेनिया घोडदळ पलटण याने उभी केली. १८६२ मध्ये शत्रूच्या हद्दीत साध्या कपड्यांत टेहळणी करताना पकडला गेला, खोटं नाव सांगून जीव वाचवला आणि दक्षिणेची राजधानी रिचमंड, तिथल्या ‘कॅसल थंडर’ नावाच्या तुरुंगात चारेक महिने काढले. एक कॅसल तो आणि एक हा, असं आई म्हणाली. सुटल्यावर घरी नाही गेला, परत पलटणीत गेला. १४ जानेवारी १८६५ ला अलाबामात रेड हिलला दोनशेपेक्षा कमी माणसं घेऊन आपल्याहून मोठ्या तुकडीवर पडला, एक तोफ आणि शंभरेक कैदी आणले आणि स्वतःचा एकही माणूस गमावला नाही. त्यासाठी मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकन सैन्यातलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं, तेही १८९४ मध्ये. बाबांनी ‘एकही नाही?’ असं दोनदा विचारलं.

युद्धानंतर रेल्वे. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड ही तीन फुटी नॅरोगेज लाइन याची (आपली नेरळ-माथेरान दोन फुटी), आणि त्या लाइनवरच ३१ जुलै १८७१ ला पहिली खुंटी ठोकून कोलोराडो स्प्रिंग्ज वसवलं. हा मुलूख मुळात यूट या मूळ अमेरिकन जमातीचा, हेही डोक्यात ठेवूनच फिरावं. जमिनीच्या खरेदीखतातच दारूबंदी घातली, झाडं लावली, कॉलेजला आणि बागांना जमिनी दिल्या. १९०१ मध्ये रेल्वेतून बाहेर पडला तेव्हा दहा लाख डॉलर तिथल्या कामगारांना वाटले.

बायकोचं नाव क्वीन, तिने गावातली पहिली शाळा चालवली, पण हृदयाचा आजार झाला म्हणून मुलींना घेऊन इंग्लंडला गेली आणि १८९४ मध्ये तिकडेच वारली. आत्ताचा दगडी वाडा १९०४ ते १९०६ मधला, म्हणजे तिने हा पाहिलाच नाही. आणि त्यालाही सुख किती, तर ऑक्टोबर १९०६ मध्ये घोड्यावरून पडला, मानेला मार बसला आणि मानेखालचं शरीर लुळं. आयुष्यभर घोड्यावर बसलेला माणूस!

पुढच्या वर्षी पलटणीचं स्नेहसंमेलन होतं आणि याला प्रवास शक्य नव्हता. तर याने काय करावं, ऑगस्ट १९०७ मध्ये पलटणीतले हयात असलेले दोनशेच्या वर म्हातारे सैनिक देशभरातून इथे, स्वतःच्या दारात बोलावले, सगळा खर्च याचा. हे ऐकल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘गाडीभाडं पण त्यानेच दिलं?’ मी हो म्हटलं. मग त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि उरलेली टूर तशीच केली.

१३ मार्च १९०९ ला इथेच गेला, वय ७२. एव्हरग्रीन स्मशानभूमीत अस्थी आहेत, नंतर इंग्लंडहून क्वीनच्याही आणून शेजारी ठेवल्या. टूरनंतर तिथे जाच, वीस मिनिटं जातात फार तर. आम्ही विचारत विचारत पोचलो. एवढ्या मोठ्या माणसाच्या नावाला एक ओबडधोबड दगड, मला तो वाड्यापेक्षा जास्त आवडला.

पाच पैकी पाच स्टार. हे गाव सहा हजार फुटांवर आहे, वयस्कर माणसं असतील तर पाणी जवळ ठेवा, हळू चाला, आम्ही बाबांच्या गुडघ्यांच्या वेगाने चाललो आणि काही बिघडलं नाही.

परत येताना गाडीतूनच बाबांनी पलटणीतल्या त्यांच्या जोडीदाराला साताऱ्याला फोन लावला. इकडे संध्याकाळचे पाच, म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार, मी नको नको म्हणत होते, पण काकांनी पहिल्याच रिंगला उचलला.