सीनाकाठच्या रानाची लेव्हल काढून घेतली, त्याचा अनुभव
मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठाला आमचं रान, सप्टेंबर २०२५ च्या पुरात मोटर, केबल, माती सगळं गेलं, म्हणून नवीन मोटरचं शेड कुठं घ्यावं हे कळायला सोलापूरच्या एका सर्व्हेवाल्याला बोलावलं. लय भला माणूस. आधी म्हणाला, दादा, जलसंपदाकडं अर्ज करून पूररेषेचा नकाशा मागा, निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. मग डीजीपीएस (उपग्रहाच्या सिग्नलवरनं जागा नि उंची अचूक मोजायचं यंत्र) लावून रानाची उंची समुद्रसपाटीपासून मोजली, आणि विहिरीच्या भिंतीवर पुरानं सोडलेल्या गाळाच्या खुणेची पण, हे मला फार पटलं, ती खूण आम्ही डोळ्यानं बघितलेली. कागद आठ दिवस उशिरा दिले, तेवढं खटकलं. शेड आता खुणेच्या वर दीड मीटर, बांधाकडं घेतोय.