पाळी जाताना: हार्मोन घ्यावेत की दुसरं काही?

रात्री तीनला दरदरून घाम फुटतो, गाऊन बदलावा लागतो, आणि सकाळी ऐकायला काय मिळतं, तर "या वयात व्हायचंच." अजिबात सोसत बसू नका. उपाय आहेत, फक्त प्रत्येकीचा वेगळा.

गरम वाफांवर, म्हणजे अंगातून अचानक उठणाऱ्या उष्णतेच्या लाटांवर, इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनइतकं गुणकारी दुसरं काही नाही. वाफा साधारण 75 टक्क्यांनी कमी होतात, हाडांची झीजही रोखली जाते. गर्भाशयाची पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हवंच, नाहीतर आतलं अस्तर वाढून कॅन्सरचा धोका असतो. पिशवी काढलेली असेल तर नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. गोळीपेक्षा दंडावर किंवा मांडीवर चोळायचं जेल मला बरं वाटतं, कारण त्यात रक्ताच्या गुठळीचा धोका कमी.

"हार्मोन म्हणजे कॅन्सर" ही धास्ती पसरली ती 2002 मध्ये, अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या हार्मोनवरच्या अभ्यासानंतर. त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं 63! दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वाढला हे खरं, पण वर्षाला हजारात एकीपेक्षाही कमी. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी सुरू केलं, तर बहुतेकींना फायदाच जास्त.

स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक होऊन गेला असेल, तर मात्र दुसरी वाट. व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची गोळी वाफाही कमी करते, त्यामुळे नाव वाचून दचकू नका. झोपच लागत नसेल तर रात्री गॅबापेंटिन, ही मुळात फिटवरची गोळी. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध चालू असेल तर पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची दुसरी गोळी टाळायची, ती टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करते. फेझोलिनेटंट या बिनहार्मोनच्या गोळीला अमेरिकेत 2023 मध्ये मंजुरी मिळाली. ती घेताना लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात. सोयाबीन, शतावरी यांचा पुरावा तोकडा आहे.

त्रास फक्त कोरडेपणाचा, संबंधाच्या वेळी दुखण्याचा असेल, तर एवढं सगळं नकोच. योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम रक्तात फार थोडं उतरतं. लाजेपोटी हे डॉक्टरांना सांगितलंच जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अंडाशय तरुणपणीच काढले असतील, तर हिशोबच निराळा. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्याचं 2019 मध्ये गाजलं. पिशवीसोबत अंडाशयही गेले असतील, तर हाडं आणि हृदय जपायला, काही आडकाठी नसेल तर, पाळी एरवी जाते त्या वयापर्यंत हार्मोन घ्यायला हवेत, वाफा येवोत न येवोत. डिस्चार्ज पेपर शोधा आणि अंडाशय ठेवलेत की काढलेत, ते विचारा.