हँड ब्लेंडर घ्यावा का? भोपळ्याच्या सूपावर घासून बघितलेला रिव्ह्यू

पहिल्यांदाच सांगून टाकते, मिक्सर काढून टाकून त्याच्या जागी हँड ब्लेंडर आणायचा विचार असेल तर आणू नका. चटणी, इडलीचं पीठ, ओलं खोबरं, शेंगाकूट ह्यातलं एकबी काम त्याला धड जमत नाही. कंपनीच्या खोक्यावर चटणीचा फोटो असतो खरा, पण खोक्यावर काय नसतं. मी घेतला तो फक्त रात्रीच्या सूपासाठी, आणि तेवढ्यापुरतं बोलायचं तर पैसे वसूल.

आमच्या सासूबाईंना कवळी बसल्यापासनं रात्री भाकरी नको वाटते, आणि बेळगावचा पाऊस सुरू झाला की संध्याकाळी सातलाच सगळ्यांना काहीतरी गरम पाहिजे असतं. तांबड्या भोपळ्याचं सूप ह्यात बरोबर बसतं. पोटाला हलकं, चावायचं काम नाही आणि अर्ध्या तासात ताटात. अडचण एकच होती, शिजलेला भोपळा मिक्सरला लावायचा तर तो आधी गार करायला पाहिजे, कारण उकळतं सूप भांड्यात घालून झाकण लावलं की आत वाफ कोंडते आणि झाकण उडून सगळं भिंतीवर. गार करा, वाटा, परत पातेल्यात ओता, परत गरम करा, म्हणजे एका वाटीभर सूपाला चार भांडी घासायला पडली. हँड ब्लेंडरला हे काहीच नाही, शिजवलंय त्याच भांड्यात सोडायचा.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ह्या किमतीतले सगळे जवळपास सारखेच निघतात, बघायचं ते वेगळंच. पहिलं म्हणजे खालची दांडी स्टीलची पाहिजे. प्लॅस्टिकच्या दांडीचे स्वस्तात मिळतात पण गरम सूपात प्लॅस्टिक कशाला बुडवायचं, आणि हळदीनं ते पिवळं होऊन बसतं ते जातच नाही. दुसरं, दांडी मोटरपासनं सुटी होणारी पाहिजे नाहीतर धुताना कसरत. तिसरं वॉट. गणपत गल्लीत ज्या दुकानात घेतला तिथल्या मालकांनीच सरळ सांगितलं, "अक्का, हा तीनशेवाला ताकाला ठीक आहे, सूप-बीप करणार असाल तर सहाशेचा घ्या की." जास्तीचा विकायचा म्हणून म्हणतात वाटलं, पण शेजारणीकडं 300 वॉटचा आहे तो नंतर वापरून बघितला, भोपळा होतो त्यात, गाजर घातलं की बारीक कण राहतात आणि मोटर लवकर तापते. माझा 600 चा, 1,800 रुपयांना पडला, त्यात एक चॉपरचं भांडं, एक फेटणी आणि एक उंच ग्लास आला. चॉपरमध्ये कांद्याचा चिखल होतो, ते भांडं आता माळ्यावर आहे. फेटणी अंड्याला बरी. खरं तर ह्या जोडण्या नसलेला नुसता दांडीचा घेतला असता तरी चाललं असतं, थोडा स्वस्त पडतो.

आता सूपाचं. शनिवारच्या बाजारात भोपळ्याच्या फोडी कापून ठेवलेल्या असतात, सूपाला फोडच घ्या, आतलं दिसतं. गडद केशरी आणि घट्ट गर असेल तर गोडी येते, फिकट आणि मधे धागेधागे असतील तर तो भाजीला न्या, ब्लेंडरनं ते धागे पूर्ण मोडत नाहीत. सबंध भोपळा कोरड्या जागी महिनोन्‌महिने राहतो पण एकदा कापला की बिया आणि मधला मऊ भाग काढून फ्रिजमध्ये टाका आणि चार दिवसांत संपवा.

आम्हा चौघांना अर्धा-पाऊण किलो पुरतो. साल काढून मोठ्या फोडी. कुकरमध्येच चमचाभर लोणी, त्यात एक कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, बोटभर आलं आणि मग भोपळा, आणि इथं घाई करू नका, फोडींना कडेनं तांबूस डाग पडेपर्यंत परता, सूपाची अर्धी चव तिथंच ठरते. न परतता नुसता उकडला तर दवाखान्यातलं पथ्य लागतं. लोणी नुसतं चवीला नव्हे बरं का, भोपळ्यातलं कॅरोटीन अंगाला लागायला थोडं तूप-तेल लागतंच, म्हणून डाएटच्या नावाखाली ते गाळू नका. पाणी एक-दीड कपच घाला कारण भोपळ्यात स्वतःचंच नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, पातळ वाटलं तर नंतर घालता येतं, काढता येत नाही. दोन शिट्या, बास. आलं उभं न कापता आडवं पातळ कापा, उभ्या रेषा पात्याला गुंडाळतात आणि मग ते सोडवत बसायचं.

वाफ जिरली, झाकण काढलं, की उकळी पूर्ण थांबू दे, मग ब्लेंडर. पातं सूपाच्या खाली गेल्यावरच बटण दाबायचं आणि बटण सोडल्यावरच वर काढायचं, चालू असताना जरा वर आला की फरशी, गाऊन, गॅस सगळं केशरी. आणखी एक गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात नीट लिहिलेली नसते, दांडी सरळ उभी तळाला टेकवली की ती तळाला चिकटल्यासारखी ओढून धरते, जरा तिरकी धरून हळूहळू फिरवायची. भांडं उभ्या काठाचं आणि खोल पाहिजे, कढईत सूप पसरट होतं, पातं बुडत नाही आणि नुसते शिंतोडे. नॉनस्टिकमध्ये तर घालूच नका, पात्याभोवतीची जाळी घासून भांड्याचं कोटिंग निघतं.

माझ्या ब्लेंडरच्या कागदात सलग एक मिनिटाच्या वर चालवू नका असं आहे आणि ते पाळा. भोपळ्याला तेवढं लागतच नाही, मधे थांबत थांबत चाळीस-पन्नास सेकंदांत रेशमासारखं होतं. बटाटा घातला असेल तर मात्र जास्त फिरवू नका, चिकट खळ होते.

मग मीठ, मिरपूड, आणि वरनं आमच्याकडं फोडणी लागतेच. लोण्यात जिरं, लसणाचे काप आणि एक ब्याडगी मिरची मोडून, तिखट कमी आणि रंग झकास. क्रीम-बीम हॉटेलात असू दे. पोरगं पहिल्यांदा म्हणालं, "आई, हे बिनडाळीचं सांबार की", आणि तरी दोन वाट्या प्याला. सासरे कडक भाकरी मोडून त्यात भिजवून खातात, वर शेंगाचटणी, त्यांना सूप म्हणजे पातळ आमटीच. आम्ही बाकीचे कॅम्पातल्या बेकरीचे टोस्ट घेतो.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. वायर आखूड, आमचा प्लग कट्ट्याच्या एका टोकाला त्यामुळं कुकर उचलून तिकडं न्यावा लागतो, घेताना दुकानातच वायर मोजून बघा. बटण दाबूनच धरायचं असतं, सासूबाईंच्या बोटांना ते होत नाही, सांधे धरलेल्या माणसाला हे यंत्र उपयोगाचं नाही म्हटलं तरी चालेल. आवाज मिक्सरपेक्षा कमी, पण शांत वगैरे नाही. धुणं मात्र सोपं, उंच ग्लासात कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घालून दोन सेकंद फिरवलं की झालं, आधी प्लग काढूनच पात्याला हात लावा, आणि मोटरचा वरचा भाग नळाखाली धरायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा.

सूप नसेल त्या दिवशी ताकाला काढते. दही, पाणी, मीठ, आलं, दोन मिनिटांत मठ्ठा, रवी घुसळायचं काम गेलं.

आणि पावसात लाईट गेली की हे सगळं बंद, हे पण धरून चाला. तेव्हा मी शिजलेला भोपळा सरळ पुरणयंत्रातनं फिरवते, बारीक जाळी लावून. धागे आणि आल्याच्या रेषा वरच राहतात, सूप ब्लेंडरइतकं गुळगुळीत नाही पण जरा रवाळ, आणि खरं सांगू तर सासऱ्यांना तेच जास्त आवडतं. ज्यांच्याकडं पुरणयंत्र आहे आणि महिन्यातनं एखाद्या वेळीच सूप होतं त्यांनी 1,800 घालू नयेत. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं किंवा दात येणारं बाळ आहे आणि रोज काहीतरी मऊ करायचं असतं त्यांनी घ्यावा, 600 वॉट, स्टीलची दांडी. दुकानातनं घेतला तर तिथंच प्लगला लावून चालवून दाखवायला सांगा आणि वॉरंटीच्या कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्या, माझ्या कार्डावर दोन वर्षं आहेत, शिक्का नसेल तर ती दोन वर्षं कागदावरच.